अमेरिकी शिक्षण कोणी घडवले : वाचली जाणारी नावे आणि शाळेत उरलेली नावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : एम.एड.साठी तुम्ही अमेरिकी शिक्षणाच्या इतिहासातील प्रभावी विचारवंत व नेते हा घटक अभ्यासायला घेतला, पण जी यादी पाहावी तिच्यात नावे निराळी. होरेस मॅन आणि जॉन ड्युई तेवढे सगळीकडे सापडतात. तेव्हा यांतले खरे महत्त्वाचे कोण आणि कोणाचे काय, कोणत्या क्रमाने वाचावे? शिवाय ड्युई जर एवढा मोठा होता, तर न्यू जर्सीत शिकणाऱ्या तुमच्या भाच्यांना दर वर्षी राज्याच्या चाचण्या का द्याव्या लागतात?

हा शेवटचा उपप्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे, पण माझ्या मते सगळा घटक त्याच्यावरच उभा आहे. याद्या जुळत नाहीत, कारण यादी करणारा प्रत्येक जण ‘प्रभाव’ वेगळ्या अर्थाने मोजतो. ज्यांचे ग्रंथ अध्यापक महाविद्यालयांत वाचले जातात ती माणसे वेगळी, आणि ज्यांनी मागे ठेवलेला कायदा, कर, इमारत, क्रमिक पुस्तक, चाचणी किंवा न्यायालयाचा निकाल आजही शाळेत चालू आहे ती वेगळी. मी शिक्षणाचा इतिहास शिकवताना विद्यार्थ्यांना प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहायला लावतो : हा माणूस गेल्यावर शाळेत नेमके काय उरले? या प्रश्नाने यादीची क्रमवारी बरीच बदलते. अर्थात, तुम्हाला पंधरा गुणांचे उत्तर लिहायचे आहे, प्रबंधाचा विषय शोधायचा आहे की स्वतःच्या अध्यापनासाठी काही घ्यायचे आहे, यावर कोणाला किती वेळ द्यायचा हे ठरेल. मी उत्तर मुख्यतः प्रबंध डोळ्यांपुढे ठेवून देत आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही. ते काम राज्यांकडे आणि राज्यांनी ते बव्हंशी गावोगावच्या शाळा मंडळांकडे सोपवलेले. स्वतंत्र मंत्रिपद असलेले केंद्रीय शिक्षण खाते १९७९च्या कायद्याने झाले. आपल्याकडे १८३५चा मेकॉलेचा खलिता किंवा १८५४चा वुडचा खलिता निघाला आणि वरून खाली धोरण उतरले, तसे तिथे घडणे शक्यच नव्हते. त्यामुळे अमेरिकेतल्या शिक्षणनेत्याला चारच वाटा होत्या : लोकांना पटवणे, उदाहरण घालून देणे, धनिकांचा पैसा मिळवणे आणि न्यायालयात जाणे. कोणी कोणती वाट धरली हे पाहिले की या माणसांची आपोआप गटवारी होते. टॉमस जेफरसनचेच पाहा. सर्व स्वतंत्र मुलामुलींना तीन वर्षे मोफत शिक्षण द्यावे, असे विधेयक त्याने १७७९ मध्ये व्हर्जिनियात मांडले. गुलामांची मुले त्यात धरलेली नव्हती, आणि जेवढे मांडले तेवढेही मंजूर झाले नाही. त्याच सुमारास नोआ वेब्स्टर या शिक्षकाने १७८३ मध्ये शब्दलेखनाचे एक क्रमिक पुस्तक काढले, ते पुढे शंभर वर्षे खपत राहिले आणि अमेरिकी इंग्रजीचे शुद्धलेखन ब्रिटिशांपासून वेगळे झाले ते त्याच्यामुळे. पाठ्यपुस्तकांतून मान मात्र जेफरसनला मिळतो.

होरेस मॅनवर थोडे थांबतो, कारण तो दोन्ही याद्यांत बसतो. मॅन पेशाने वकील होता आणि मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटचा अध्यक्ष होता. १८३७ मध्ये त्या राज्याने शिक्षण मंडळ स्थापन केले, तेव्हा चालती वकिली आणि चढते राजकारण सोडून तो त्याचा पहिला सचिव झाला. या मंडळाला शाळा उघडण्याचा, शिक्षक नेमण्याचा किंवा एखाद्या गावाला एक डॉलर खर्च करायला लावण्याचा अधिकार नव्हता. माहिती गोळा करावी आणि ती विधिमंडळापुढे व लोकांपुढे ठेवावी, एवढेच काम. मॅनने बारा वर्षे तेच केले आणि बारा वार्षिक अहवाल लिहिले. हे अहवाल वाचताना तो कोणाला उद्देशून बोलतो आहे हे पाहत जावे. सुरुवातीला तो शाळांच्या खोल्या, हवा, उजेड आणि बाके यांचे वर्णन करतो. तिथे त्याचा श्रोता पालक आहे. पाचव्या अहवालासाठी त्याने गिरणीमालकांना पत्रे पाठवून विचारले, की शिकलेला कामगार आणि न शिकलेला कामगार यांच्या कामात तुम्हाला काय फरक दिसतो. उत्तरे अर्थातच शिकलेल्याच्या बाजूने आली आणि ती त्याने करदात्यांपुढे ठेवली. १८४८च्या बाराव्या अहवालात तो शिक्षणाला माणसामाणसांतली विषमता भरून काढणारे सर्वांत मोठे साधन म्हणतो. एकाच शाळेसाठी आरोग्य, नफा आणि समता असे तीन युक्तिवाद त्याने तीन श्रोत्यांसाठी मांडले. ज्याच्या हाती हुकूम नाही अशा नेत्याने काम कसे करावे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१८४३ मध्ये दुसरे लग्न झाल्यावर तो नवपरिणित पत्नीसह युरोपला गेला आणि त्या सहलीचा बराच भाग शाळा, तुरुंग आणि वेड्यांची इस्पितळे पाहण्यात गेला. (पत्नी मेरी पीबडी स्वतः शिक्षिका होती, म्हणून हे निभावले असावे.) प्रशियात त्याला प्रशिक्षित शिक्षक दिसले, हातात पुस्तक न धरता आणि छडी न उगारता वर्ग शिकवणारे. परत आल्यावर सातव्या अहवालात त्याने हे लिहिले, तेव्हा बॉस्टनच्या ३१ मुख्याध्यापकांनी एकत्र येऊन त्याच्यावर जाहीर टीका केली, कारण न बोलता त्यांची तुलना झाली होती. यानंतर जे घडले ते आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. मॅनचा मित्र सॅम्युअल ग्रिडली हाउ बॉस्टनच्या शाळा समितीवर निवडून आला आणि १८४५ मध्ये समितीने शहरातल्या शाळांच्या वरच्या वर्गांची तोंडी परीक्षा घेण्याची जुनी रीत मोडून सर्वांना एकच छापील प्रश्नपत्रिका दिली आणि उत्तरे लेखी घेतली. मुलांचे निकाल वाईट लागले, ते शाळावार प्रसिद्ध झाले आणि मास्तरांची नाचक्की झाली. अमेरिकेतली सार्वत्रिक लेखी परीक्षा अशी एका भांडणातून आली. मूल किती शिकले याहून मास्तर कसा शिकवतो हे चव्हाट्यावर आणणे हा तिचा हेतू होता. तुमच्या भाच्यांच्या चाचण्यांचे मूळ शोधायचे तर ते समतेचा पुरस्कार करणाऱ्या मॅनच्याच गोटात सापडते.

मॅनने मागे आणखी एक गोष्ट ठेवली. जुलै १८३९ मध्ये लेक्सिंग्टन येथे राज्याचे पहिले अध्यापक विद्यालय उघडले, तेव्हा पहिल्या दिवशी तीन विद्यार्थिनी आल्या. तीनही मुली होत्या, हे ध्यानात घ्यावे. कॅथरिन बीचर हिने १८२३ मध्ये हार्टफर्डला मुलींची शाळा काढली होती आणि शिक्षकी पेशा हा स्त्रियांचाच आहे, असे ती सतत मांडत होती. तिच्या युक्तिवादात स्त्रीच्या स्वभावाचे गुणगान होते, पण स्त्री पुरुषाच्या निम्म्या पगारात शिकवू शकते, हेही तिने लिहिले आणि गावोगावच्या शाळा मंडळांनी ते लगेच उचलले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुसंख्य शिक्षक स्त्रिया झाल्या आणि मुख्याध्यापक व अधीक्षक बहुतेक पुरुष राहिले. माझ्या दृष्टीने बीचरचा प्रभाव मॅनच्या तोडीचा आहे, आणि यादीत तिचे नाव तळाला किंवा बाहेर असते याचे कारण एवढेच, की अध्यापक महाविद्यालयांत वाचला जाईल असा ग्रंथ तिच्या नावावर नाही. तिच्याच पिढीतली सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका, बॉस्टनहून चालणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या वतीने १८२७ मध्ये मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. त्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या होत्या. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाशी न्यू इंग्लंडचा असा थेट संबंध आहे, आणि प्रबंधाला विषय हवा असेल तर तो चांगला आहे.

मॅनच्या ‘सर्वांच्या शाळे’त सर्व नव्हते, हे उत्तरात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शाळेत प्रॉटेस्टंट पद्धतीचे बायबल वाचले जाई, म्हणून कॅथलिकांनी आपल्या शाळा वेगळ्या काढल्या. न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांचा लढा याच काळातला. बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या शाळा निराळ्या होत्या. सारा रॉबर्ट्स या लहान मुलीच्या वडिलांनी त्याविरुद्ध दावा लावला, चार्ल्स समनरने तो लढवला, आणि १८५० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मॅसॅच्युसेट्सने १८५५ मध्ये कायदा करून ही विभागणी बंद केली, पण निकाल कागदावर उरला आणि १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला देशभर मान्यता देताना सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. रिचर्ड हेन्री प्रॅट याचे नावही याच जागी घेतले पाहिजे. या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये पेन्सिल्व्हेनियात कार्लाइलला मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. तिथे मुलांचे केस कापत, भाषा बंद करत आणि फळ्यावर लिहिलेल्या नावांपैकी एकाकडे काठीने बोट दाखवायला लावून नवे नाव देत. ती नावे मुलांना वाचताही येत नव्हती. पुढे सरकारने अनेक शाळा याच नमुन्यावर काढल्या. प्रभावी शिक्षणनेता म्हणजे वंदनीय शिक्षणनेता असे आपण गृहीत धरतो, म्हणून प्रॅट यादीत दिसत नाही.

आता ड्युई. मॅन १८५९च्या ऑगस्टमध्ये वारला आणि ड्युई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जन्मला. १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात त्याने १६ मुलांना घेऊन प्रयोगशाळा म्हणून एक शाळा सुरू केली. शाळेसाठी बाके घ्यायला तो शहरभर हिंडला, पण त्याला हवी तशी मिळेनात. शेवटी एका दुकानदाराने सांगितले, की तुम्हाला मुलांनी काम करण्याजोगी बाके हवी आहेत आणि आमच्याकडची सगळी ऐकण्यासाठी केलेली आहेत. ‘द स्कूल अँड सोसायटी’ या १८९९च्या छोट्या पुस्तकात ड्युईने हे सांगितले आहे. त्याच पुस्तकात कापसाचा पाठ आहे. मुलांना लोकर आणि बोंडातला कापूस दिला. एका गटाने अर्धा तास बसून हाताने सरकी काढली, तेव्हा एक औंसही रुई निघाली नाही. एक माणूस दिवसभरात हाताने फार तर एक पौंड रुई काढू शकेल हे मुलांना सहज पटले आणि आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का वापरत, हे त्यांना कोणी न सांगता कळले. तिथून पाठ यंत्राच्या शोधाकडे, भूगोलाकडे, व्यापाराकडे गेला. ड्युईचे तत्त्वज्ञान अवघड वाटणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा पाठ आधी वाचायला देतो. ‘करून शिकणे’ या घोषवाक्यात जे हरवते ते यात आहे : हाताने केलेले काम हे साध्य नव्हे, त्या कामातून मानवजातीच्या इतिहासात आणि विज्ञानात शिरायचे आहे, आणि त्यासाठी शिक्षकाला इतिहास व विज्ञान दोन्ही चांगले यावे लागते.

अडचण इथेच आहे. १९०२ पर्यंत या शाळेत सुमारे १४० मुले होती आणि २३ शिक्षक, शिवाय मदतीला विद्यापीठाचे विद्यार्थी. सहा मुलांमागे एक शिक्षक, तोही विषयात मुरलेला. त्याच शहराच्या सरकारी शाळांत नव्या स्थलांतरितांची मुले वर्गात दाटीवाटीने बसत होती. विद्यापीठाच्या अध्यक्षांशी मतभेद होऊन ड्युई १९०४ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला आणि पुन्हा त्याने कधी शाळा चालवली नाही. त्याच्या नावावर पुढे जे खपले त्यातले बरेच त्याचे नाही. आपल्या बी.एड.ला शिकवली जाणारी प्रकल्प पद्धती त्याचा सहकारी विल्यम किलपॅट्रिक याने १९१८ मध्ये मांडली. तिच्यात मुलाच्या मनापासूनच्या हेतूला जेवढे स्थान आहे तेवढे विषयज्ञानाला नाही. १९३८ मध्ये ड्युईने ‘एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन’ लिहून आपल्याच अनुयायांना बजावले, की जुने टाकून दिले म्हणजे नवे मिळाले असे होत नाही.

कोलंबियाच्याच टीचर्स कॉलेजमध्ये एडवर्ड थॉर्नडाइक होता. मांजरांना पिंजऱ्यात ठेवून केलेले त्याचे प्रयोग आणि परिणामाचा नियम तुम्ही शैक्षणिक मानसशास्त्रात शिकला असालच. पण शाळेवर त्याचा ठसा उमटला तो मोजपट्ट्यांमुळे. १९१० मध्ये त्याने हस्ताक्षराची मोजपट्टी काढली : वाईटापासून उत्तमापर्यंतचे हस्ताक्षराचे छापील नमुने, प्रत्येकाला एक अंक, शिक्षकाने मुलाचा कागद त्या नमुन्यांशेजारी धरायचा आणि जुळेल तो अंक द्यायचा. मग अंकगणित, वाचन, शब्दलेखन अशा सगळ्यांच्या चाचण्या निघाल्या. १९१६ मध्ये लुईस टर्मनने स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणी आणली, पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांची सामूहिक चाचणी झाली, आणि युद्ध संपल्यावर तेच तंत्र शाळांत शिरले. सैन्याच्या चाचणीवर काम केलेल्या कार्ल ब्रिगमने तयार केलेली ‘सॅट’ ही महाविद्यालयीन प्रवेशाची चाचणी १९२६ मध्ये प्रथम सुमारे ८,००० विद्यार्थ्यांनी दिली. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांना देशभरातून हुशार मुले शोधायची होती. त्यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये चाचण्या घेणारी स्वतंत्र संस्थाच उभी राहिली.

एलन लेगमन या इतिहासकार बाईंचे एक मत या क्षेत्रात सर्वतोमुखी आहे, की थॉर्नडाइक जिंकला आणि ड्युई हरला हे ध्यानात घेतल्याशिवाय विसाव्या शतकातले अमेरिकी शिक्षण कळत नाही. मला ते बव्हंशी मान्य आहे, पण याचे कारण थॉर्नडाइकचे मानसशास्त्र श्रेष्ठ होते असे नाही. मोठ्या शहराच्या शाळा अधीक्षकाची गरज काय होती ते पाहा : हजारो मुले, नवखे शिक्षक, आणि खर्चाचा जाब विचारणारे करदाते. ड्युईच्या पद्धतीला प्रत्येक वर्गात एक विचारी शिक्षक लागतो, तर थॉर्नडाइकच्या मोजपट्टीला छापखाना पुरतो, आणि वर्षअखेर जाहीर करायला एक आकडाही हाती येतो. २००२ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची वाचन व गणिताची वार्षिक चाचणी बंधनकारक केली, आणि तो कायदा २०१५ मध्ये बदलला तरी चाचणी राहिली. तुमच्या भाच्यांचे शिक्षक ड्युई वाचूनच शिक्षक झाले असतील, पण शाळेला उत्तर द्यावे लागते ते आकड्यांनी.

‘हरला’ म्हणताना दोन अपवाद मात्र नोंदवावेत. एला फ्लॅग यंग ही शिकागोच्या शाळांतून वर आलेली शिक्षिका ड्युईची विद्यार्थिनी आणि सहकारी होती. १९०९ मध्ये ती त्या शहराची शाळा अधीक्षक झाली, आणि एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा चालवणारी ती पहिली स्त्री. शाळेत लोकशाही हवी तर आधी शिक्षकांना निर्णयात भाग हवा, असे म्हणून तिने शिक्षकांच्या सभांना महत्त्व दिले. त्याच शहरात मार्गारेट हेली हिने प्राथमिक शिक्षिकांची संघटना बांधली. पगारवाढ रद्द झाली तेव्हा तिने कर आकारणीची दप्तरे उलगडून ट्राम व गॅसच्या मोठ्या कंपन्या पुरेसा कर भरत नाहीत हे न्यायालयात सिद्ध केले. या दोघींशिवाय ड्युईचा शिकागोतला काळ नीट कळत नाही.

आपल्याला ड्युई जवळचा वाटतो तो बाबासाहेबांमुळे. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबियात होते, त्यांनी ड्युईचे वर्ग केले, आणि १९३६ मधल्या जातिनिर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणात त्यांनी ड्युईचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून, त्यांचे ऋण मान्य करून केला आहे. मात्र बाबासाहेबांनी ड्युईकडून घेतले ते मुख्यतः लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत हे तत्त्व. वर्गाध्यापनाची पद्धत नव्हे. बरेच विद्यार्थी या दोन्हींची सरमिसळ करतात, ती टाळावी.

बुकर टी. वॉशिंग्टन आणि डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांची जोडी प्रत्येक पाठ्यपुस्तकात वादाच्या रूपात येते : एकाला हाताचे काम शिकवायचे होते, दुसऱ्याला उच्च शिक्षण. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. वॉशिंग्टन गुलामगिरीत जन्मला आणि १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगी येथे संस्था उभारली. तिथल्या इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनी भाजल्या, आणि पहिल्या तीन भट्ट्या फसल्यावर चौथीसाठी त्याने स्वतःचे घड्याळ गहाण ठेवले. १८९५ मध्ये अटलांटाच्या भाषणात त्याने गोऱ्या श्रोत्यांना सामाजिक समतेचा आग्रह धरणार नाही असे आश्वासन दिले आणि त्याला देणग्या मिळाल्या. डु बॉइस उत्तरेत वाढला आणि त्याच १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय झाला. विद्यार्थिदशेत त्याने टेनेसीच्या खेड्यात उन्हाळी शाळा शिकवली होती : मका साठवायची लाकडी खोली, आणि बसायला घरमालकिणीकडून आणलेली खुर्ची, जी रोज संध्याकाळी परत करावी लागे. अशा शाळेसाठी शिक्षक येणार कोठून, हा त्याचा प्रश्न होता. उच्च शिक्षण नसेल तर हस्तकला शिकवायलाही कोणी उरणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

माझे मत असे, की या वादात पैसा आणि मताधिकार कोणाच्या हाती होता हे आधी मांडावे, मग दोघांची बाजू लिहावी. वॉशिंग्टन दक्षिणेत राहून, गोऱ्यांच्या देणग्यांवर संस्था चालवत होता, आणि त्याच वेळी मताधिकाराच्या खटल्यांना गुपचूप पैसे पुरवत होता, हे त्याच्या कागदपत्रांतून नंतर बाहेर आले. उद्योगपती ज्युलियस रोझनवाल्ड याच्याबरोबर त्याने सुरू केलेल्या योजनेतून १९३२ पर्यंत दक्षिणेत जवळपास ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्यांसाठी गावोगावच्या काळ्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी मिळून घातलेली रक्कम रोझनवाल्डच्या वाट्याहून थोडी जास्तच भरली. या शाळा उभारणाऱ्यांत डु बॉइस नाही. पण एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ज्या संघटनेच्या वकिलांनी पुढे विभाजित शाळांचा कायदाच पाडला, तिच्या संस्थापकांत तो आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्याला पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या अर्जाची चौकशी केली होती, आणि डु बॉइसने आस्थेने उत्तर दिले.

विभाजित शाळांचा कायदा पाडणाऱ्या त्या वकिलांना मी शिक्षणनेतेच मानतो. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टनने हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात वकिलांची एक पिढी तयार केली, आणि त्याचा शिष्य थर्गुड मार्शल याने आधी विधी व पदव्युत्तर शिक्षणाचे खटले एकेक करून जिंकले, मग प्राथमिक शाळांना हात घातला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने विभाजित शाळा घटनाबाह्य ठरवल्या. अंमलबजावणी मात्र पुढे वर्षानुवर्षे रखडली. पैशाच्या विषमतेबाबत न्यायालये अशी ठाम राहिली नाहीत : शाळा घरपट्टीसारख्या स्थानिक मालमत्ता करावर चालतात, म्हणून श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत राहते, आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी यात हस्तक्षेप करायचे नाकारले. न्यू जर्सीच्या राज्य न्यायालयाने मात्र १९९० मध्ये गरीब शहरी भागांतल्या शाळांना श्रीमंत भागांइतका पैसा द्यायला राज्याला भाग पाडले. हा खटला त्या राज्याच्या शिक्षणाचा इतिहास समजायला ड्युईपेक्षा अधिक उपयोगी आहे.

टायलर, ब्लूम, ब्रूनर या विसाव्या शतकातल्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांवर मी फार लिहीत नाही, कारण ते तुम्ही रोज वापरता. पाठ टाचणातल्या उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे या रकान्यांमागे टायलरचे १९४९चे आणि ब्लूमचे १९५६चे काम आहे, आणि ब्लूम स्वतः १९५०च्या दशकात परीक्षा सुधारणेसाठी भारतात येऊन गेला होता. थॉर्नडाइकची मोजमापाची परंपरा आपल्यापर्यंत आली ती या वाटेने.

वाचनाचा क्रम सांगतो. मॅनचा बारावा अहवाल आधी, पण त्याच्याबरोबर पाचवाही, म्हणजे समतेची भाषा आणि नफ्याची भाषा एकाच हातची आहे हे दिसेल. मग ‘द स्कूल अँड सोसायटी’. ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा १९१६चा मोठा ग्रंथ त्यानंतरच उघडावा, कारण थेट त्याला हात घातलेले विद्यार्थी पहिल्या चार प्रकरणांत थकतात. वॉशिंग्टनचे अटलांटाचे भाषण आणि डु बॉइसने १९०३च्या पुस्तकात त्यावर लिहिलेले प्रकरण एकाच बैठकीत वाचावे. दोन्ही मिळून एका संध्याकाळचे काम आहे. १९५४चा निकाल आकाराने लहान आणि भाषेने सोपा आहे, तो मूळच वाचावा, सारांश नको. मराठीत काही हवे असेल तर पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेले अमेरिकेच्या लोकस्थितीचे पुस्तक घ्यावे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, बालोद्यान पद्धती शिकल्या आणि स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल तिथे जे पाहिले ते मराठी वाचकासाठी लिहिले. मॅन आणि ड्युई यांच्या मधला काळ आपल्या भाषेत, आपल्या माणसाच्या नजरेने पाहायचा तर ते पुस्तक हाताशी असावे.